तोफ मागं आली पाहिजे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण विचाराल तर एक रणगाडा! खरा नाही हो, साठ सेंटीमीटर लांबीचा, रिमोटवर चालणारा. गेले अकरा महिने माझे जवळजवळ सगळे रविवार या रणगाड्याने खाल्ले. गॅलरीतला अर्धा भाग त्याने अडवला आणि जेवणाच्या टेबलावर ड्रिल मारल्याबद्दल मी दोनदा बोलणी खाल्ली. ताईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "संपला का रे तुझा तो टँक?"

तर ताई, संपला. आणि तो करताना घरात जे झालं ते लिहून ठेवावंसं वाटलं. अण्णांना विचारूनच लिहितोय. "लिही, पण नावं नको घालू," एवढंच म्हणाले.

सुरुवात झाली मागच्या दिवाळीत. ताईच्या मुलाला कोणीतरी चायनीज रिमोटचा रणगाडा दिला होता, रशियन टी-९० चा. भाचा आठवीत आहे. त्याने तो हॉलमध्ये फिरवून दाखवला, दिवाणाखाली घातला, बाहेर काढला आणि अण्णांच्या समोर आणून बटण दाबलं. धडाम् असा आवाज झाला, नळीच्या टोकाला लाल दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा म्हणाले, "तोफ मागं आली नाही."

"आजोबा, खेळण्यातला आहे तो."

"मग तिला तोफ म्हणू नका. नळी म्हणा."

आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहीत आहे, पण नवीन वाचकांसाठी सांगतो. अण्णा १९७३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले आणि रणगाड्यांच्या रेजिमेंटमधून दफेदार म्हणून निवृत्त झाले. (इन्फंट्रीत जो हवालदार, तो रणगाड्यांच्या दलात दफेदार. शिपायाला तिथे अजून 'सवार' म्हणतात. घोडे गेले, शब्द राहिले.) भरती झाले तेव्हा ७१ ची लढाई संपली होती. त्यामुळे लग्नकार्यात कोणी "अण्णा, किती जणांना उडवलंत?" असं विचारलं की ते फक्त हसतात आणि पानात वाढून घेतात. लढाईच्या गोष्टी त्यांच्याकडे नाहीत. आम्ही लहानपणी विचारून विचारून दमलो आणि मग विचारणंच सोडलं. रणगाड्यात नेमकं काय करायचात, तर "गनर होतो." झालं. यापुढे एक वाक्य नाही.

संक्रांतीच्या सुमारास त्या चायनीज रणगाड्याचा बोर्ड जळला आणि तो "मामा बघ ना" म्हणून माझ्याकडे आला. मी वाळूजला टूलरूममध्ये आहे, तीस वर्षं डाय आणि फिक्श्चर यातच गेली. बंद पडलेली वस्तू आली की हात शिवशिवतात. उघडून बघितलं तर बोर्ड गेलेला, पण दोन्ही गिअरबॉक्स आणि चेन ठणठणीत. त्या रात्री अण्णांना विचारलं, "तुमचा रणगाडा कोणता होता?"

"विजयंता."

आणि मग मी जरा वाचायला लागलो.

विजयंता हा आपल्याकडे बनलेला पहिला रणगाडा. आराखडा ब्रिटिश व्हिकर्स कंपनीचा, कारखाना चेन्नईजवळ आवडीला. १९६५ च्या अखेरीपासून तो तिथे तयार व्हायला लागला. १०५ मिलिमीटरची तोफ, लेलँडचं इंजिन, आत चार माणसं. ड्रायव्हर पुढे. वर टरेटमध्ये तोफेच्या उजवीकडे गनर आणि त्याच्या मागे-वर कमांडर, आणि तोफेच्या डावीकडे एकटा लोडर. लेझरचं यंत्र नव्हतं तेव्हा अंतर मोजायला तोफेला जोडलेली एक जाड मशीनगन होती. आधी तिच्या गोळ्या निशाणावर कुठे पडतात ते बघायचं आणि मग मोठी तोफ चालवायची. हे सगळं मला अण्णांनी नाही, पुस्तकांनी सांगितलं. पण मी वाचून दाखवलं की ते चूक तेवढी दुरुस्त करायचे. एरवी गप्प असलेला माणूस चूक ऐकली की बोलतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग मी मुद्दाम चुका करायला लागलो. (अण्णा, वाचत असाल तर माफ करा.)

एकास सोळा हे माप धरलं. विजयंताची लांबी तोफेसकट पावणेदहा मीटरच्या थोडी वर, म्हणजे मॉडेल ६१ सेंटीमीटर. चायनीज चासी कामाची होती कारण दोन्हींना एका बाजूला सहाच चाकं आणि ड्राइव्ह मागून. पण टी-९० रुंदीला जास्त आणि लांबीला कमी. म्हणून चासी मधोमध उभी कापली, चारएक सेंटीमीटरची पट्टी काढून टाकली, मग आडवी कापून साडेसहा सेंटीमीटर वाढवली. लोकांच्या पँटी टेलर जसा करतो तसं. चाकं मोठी होती म्हणून नायलॉनच्या रॉडमधून नवीन केली. बारा चाकं, प्रत्येक दुहेरी, म्हणजे चोवीस चकत्या. लेथवरच्या मित्राने एका शनिवारी शिफ्ट सुटल्यावर काढून दिल्या आणि मोबदल्यात पाव किलो इमरती घेतली. अंग सगळं पीव्हीसीच्या फोमशीटचं, जी फर्निचरवाले वापरतात ती. सांधे फेविक्विक आणि खाण्याच्या सोड्याने भरायचे, कानस मारायची, पॉलिश पेपर घासायचा, पुन्हा भरायचं. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त धूळ आहे.

पण टरेटचं अडलं. फोटोवरून त्याचे उतार जुळेनात. अण्णा म्हणाले, "नगरला जाऊ."

अहमदनगरला (आता अहिल्यानगर) रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ मध्ये सुरू झालेलं. आपल्या फौजेची रणगाड्यांची शाळाच तिथे असल्याने ते तिथे असणं साहजिक. आपल्याकडून शंभर-सव्वाशे किलोमीटर. वाळूज, कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल, नेवासा फाटा, घोडेगाव की आलंच नगर. त्यांच्या ट्रेनिंगमुळे अण्णांना ते गाव पाठ, पण निवृत्तीनंतर तिथे गेले नव्हते. भाचाही बरोबर होता. पहिल्या महायुद्धाच्या वेळची रोल्स रॉइसची चिलखती गाडी बघून तो चकितच झाला, "रोल्स रॉइस? ती शेठ लोकांची?" पुढे झाडांच्या सावलीत ओळीने रणगाडे उभे. ६५ च्या लढाईत मिळालेला पॅटन आहे, दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश आहेत, आणि आपला विजयंता आहे.

मी खिशात टेप घेऊन गेलो होतो, पण तिथे टेप काढायची मलाच लाज वाटली. मग अण्णांनी वितीने मोजलं. इथून इथे सात विती, इथून चार आणि दोन बोटं. मी वहीत लिहून घेत होतो. घरी येऊन त्यांची वीत मोजली, २२ सेंटीमीटर, आणि गुणाकार केले. टरेटचे उतार जुळले! माझ्या कॅडमध्ये दोन महिने जुळत नव्हते ते.

एक गोष्ट मात्र तेव्हा मी बघितली आणि सोडून दिली. मोजून झाल्यावर मी आणि भाचा पुढच्या रणगाड्याकडे गेलो, अण्णा आले नाहीत. ते टरेटच्या डाव्या बाजूला उभे होते. पत्र्यावर हाताचा पंजा टेकवून, बराच वेळ. मला वाटलं, जुन्या आठवणी. पण गनर तर उजवीकडे बसतो. हे मला गाडीत बसल्यावरही सुचलं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तोफ मागं येण्याकडे.

तोफेतून गोळा पुढे जातो तेव्हा तेवढाच रेटा तोफेला मागे बसतो. न्यूटनचा तिसरा नियम, नववीच्या पुस्तकात असतो. आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ आठवा, जिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे. ती खुंटावर फिरते, पण मागे सरकायला तिला जागाच नाही. सगळा रेटा तो खुंट आणि बुरूज यांनी खायचा. गाड्यावरच्या तोफांना बुरूज नसायचा, म्हणून त्या प्रत्येक बाराला गाड्यासकट मागे उसळायच्या. गोलंदाजांनी त्या पुन्हा पुढे ढकलायच्या, पुन्हा नेम धरायचा. यावर चांगला तोडगा निघाला तो १८९७ मध्ये, फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटरच्या तोफेत. तोफेची फक्त नळी मागे सरकते, तेल आणि दाबलेली हवा भरलेले सिलेंडर तिचा वेग खातात आणि तिला परत जागेवर आणून ठेवतात. गाडा जागचा हलत नाही. आपल्या मोटारसायकलचा शॉकअप्सॉर्बर असतो ना, त्याच जातकुळीतलं. त्या तोफेने मिनिटाला पंधराएक बार काढून सगळ्या जगाला तोफा बदलायला लावल्या.

रणगाड्यात हेच असतं, फक्त बंद डब्याच्या आत. विजयंताची नळी टनाहून जड. गोळा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो आणि नळी साधारण फूटभर मागे येते. बाहेरून बघणाऱ्याला नळी आखूड झाल्यासारखी दिसते. पण आत बसलेल्याला काय दिसतं? त्याच्या बाजूने टनभर लोखंड झपकन् मागे जातं आणि परत येतं. पुढे येतानाच मागचा दरवाजा उघडतो आणि तापलेलं रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. म्हणजे लोडर जिथे काम करतो त्याच्या शेजारीच.

माझ्या मापात तो फूट म्हणजे १९ मिलिमीटर. तेवढ्यासाठी पाच महिने गेले!

नळी पितळी पाइपची केली, एकात एक सरकणारी. मधला फुगवटा (धूर ओढून घ्यायला असतो तो) एका जाड मार्कर पेनच्या अंगाचा. मागे एक छोटी गिअर मोटर आणि तिच्यावर नायलॉनचा कॅम. कॅम म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी चकती. एक फेरा होईपर्यंत तिची त्रिज्या हळूहळू वाढत जाते आणि शेवटी एकदम पायरी येते. पायरीवरून दांडी घसरली की स्प्रिंग तिला फटकन् ओढते. एका फेऱ्याला मोटर थांबावी म्हणून जुन्या माउसमधला स्विच लावला. भाच्याने आर्डुइनोचा प्रोग्रॅम लिहिला. हे पोर यूट्यूबवर काय काय शिकतं! मला डाय विचारा, हे नाही येत.

पहिली चाचणी जेवणाच्या टेबलावर. भाच्याने बटण दाबलं. मोटर कुरकुरली, नळी सावकाश, अगदी डुलत डुलत मागे आली आणि मग फटकन् पुढे गेली.

अण्णा हसले. आमचे अण्णा आवाज काढून हसले की घरातले लोक कामं सोडून बघायला येतात. "अरे, ही तोफ नाही, हातपंप आहे. मारताना झटका पुढं नसतो, मागं असतो. परत जाताना ती निवांत जाते."

बरोबर होतं. मी स्प्रिंग नळीला पुढे ओढणारी लावली होती आणि कॅम मागे ओढत होता. तीस वर्षं टूलरूममध्ये काढून मी उलटी तोफ बनवली! मग सगळं खोललं. आता स्प्रिंग नळीला मागे ओढते आणि कॅम तिला पुढे अडवून धरतो. बटण दाबलं की कॅम थोडा फिरतो, पायरी येते, नळी सुटते आणि झटक्यात मागे. मग तोच कॅम फिरत फिरत तिला हळूहळू पुढे नेतो. मागे येताना आपटून मोडू नये म्हणून रबराची चकती. शिवाय भाच्याने एक चलाखी केली, त्याच क्षणी दोन्ही चेनला सेकंदाच्या दहाव्या भागापुरता उलटा करंट. त्याने अख्खा रणगाडा मागच्या चाकांवर किंचित बसतो आणि सावरतो.

दुसरी चाचणी. टरेटचं झाकण अजून बसवलेलं नव्हतं, आतलं सगळं उघडं होतं. अण्णा डावीकडून वाकून बघत होते. भाच्याने बटण दाबलं. खट्!

झकास झाली. आम्ही दोघं ओरडलोच. पण अण्णांनी हात असा मागे ओढून घेतला की टेबलावरचा चहाचा कप खाली गेला. त्यांचा हात टेबलाजवळ होता, रणगाड्याजवळ नव्हता. ते काही न बोलता उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. भाच्याला वाटलं, कप फुटला म्हणून आजोबा रागावले.

रात्री मी गॅलरीतला पसारा आवरायला गेलो तर ते तिथेच खुर्चीवर. आणि त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या शब्दांत सांगता येणार नाही, ते फार थोड्या शब्दांत बोलले.

एका रेंजवर फायरिंग चालू होतं. अण्णा गनर, वय पंचवीस-सव्वीस. लोडर त्यांच्याच वयाचा, सातारकडचा. दोघं मराठी म्हणून पहिल्यापासून जोडी. लोडरचं काम असं की अठरा-वीस किलोचा राउंड उचलून तोफेत सारायचा, दरवाजा बंद झाला की स्वतः बाजूला व्हायचं, आपल्या बाजूचा स्विच दाबायचा आणि ओरडायचं, "लोडेड!" तो स्विच दाबल्याशिवाय गनरचं बटण चालत नाही. म्हणजे लोडर सांगतो, मी बाजूला आहे, आता मार. त्या दिवशी त्याने राउंड भरला, स्विच दाबला, "लोडेड" म्हणाला. कमांडर "फायर" म्हणाला. अण्णांनी बटण दाबलं. आणि मधल्या त्या क्षणात लोडर काहीतरी उचलायला तोफेच्या मागे वाकला होता. काय, ते कोणालाच कळलं नाही. बहुतेक हातमोजा.

उजवा हात कोपरापासून गेला. म्हणजे हात राहिला, पण कामाचा राहिला नाही. वर्षभरात तो घरी परतला.

"कुणीच काही म्हटलं नाही मला," अण्णा म्हणाले. "चौकशी झाली, कुणाची चूक निघाली नाही. त्यानं स्विच दिला होता, हुकूम झाला होता. तो पण म्हणाला, तुझं काय चुकलं. पण बटण तर मीच दाबलं ना."

त्या मित्राची चार-पाच अंतर्देशीय पत्रं आली. डाव्या हाताने लिहिलेली. अण्णांनी पहिल्याला उत्तर दिलं, मग नाही दिलं. "काय लिहिणार? मी ठीक आहे, तू कसा आहेस?"

पंचेचाळीस वर्षं ही गोष्ट आमच्या घरात होती आणि आम्ही त्यांना विचारत होतो, किती जणांना उडवलंत.

मला काय बोलावं सुचेना. मग जे येतं ते बोललो, प्रेसबद्दल. वाळूजला आणि चिकलठाण्याला पत्रा दाबणारे किती प्रेस असतील देव जाणे. आणि प्रेसवर बोटं गेलेली माणसं या शहरात कमी नाहीत. चहाच्या टपरीवर ग्लास धरलेला हात बघा, कळतं. मी नोकरीला नवीन होतो तेव्हा मी बनवलेल्या डायवर एका पोराची दोन बोटं गेली. चूक माझ्या डायची नव्हती, असं सगळे म्हणाले. मीही ते घरी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री अण्णांना सांगितलं. आम्ही बापलेक असे जवळजवळ बारा वाजेपर्यंत बसलो होतो. हिने दोनदा येऊन बघितलं आणि न बोलता परत गेली.

प्रेसवर यावर उपाय आहे, तो मी अण्णांना समजावला. दोन हातांची बटणं. प्रेस चालवायला दोन बटणं दाबावी लागतात, एक डाव्या हाताने, एक उजव्या. दोन्ही एकमेकांपासून लांब, म्हणजे एका हाताने दाबता येऊ नयेत. आणि दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत. कारण? कारण आपले लोक हुशार! एका बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवतात आणि मोकळ्या हाताने पत्रा सारतात, उत्पादन वाढतं म्हणून. अर्ध्या सेकंदाची अट घातली की पाचर चालत नाही. आणि प्रेस खाली येईपर्यंत हात बटणावरच ठेवावे लागतात. सोडले तर थांबतो.

अण्णांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे नुसतं 'मी बाजूला आहे' सांगून भागत नाही. हात तिथंच दिसला पाहिजे."

"हो. आधी बाजूला होता याला अर्थ नाही. बार होईपर्यंत बाजूला पाहिजे."

थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या टँकला लाव."

म्हणून आमचा विजयंता एका माणसाला चालवता येतो, फिरवता येतो, टरेट वळवता येतं, पण तोफ एकट्याला मारता येत नाही. त्याला दुसरा माणूस लागतो. एक लाकडी पेटी केली आहे, दोन टोकांना दोन लाल बटणं, मधे फूटभर अंतर, आत छोटा रेडिओ. लोडरने पेटी मांडीवर घेऊन दोन्ही बटणं एकदम दाबायची आणि दाबूनच ठेवायची. तेव्हाच गनरच्या रिमोटवरचा हिरवा दिवा लागतो. हात सुटला की दिवा गेला, मग कितीही बटण दाबा. भाच्याने प्रोग्रॅम लिहिताना कुरकुर केली, "मामा, खऱ्या रणगाड्यातपण असं नसतं." मी म्हटलं, आपल्यात असतं.

अजून एक केलं. टरेटच्या आत, तोफेच्या मागे, पातळ पितळी पट्टीचं कठडं. खऱ्या रणगाड्यात लोडर आणि तोफ यांच्या मधे असतं तसं. झाकण बसवल्यावर ते कोणालाच दिसत नाही. अण्णांनी ते बसवताना स्वतः धरून ठेवलं होतं, गोंद सुकेपर्यंत.

गेल्या रविवारी पहिला पूर्ण प्रयोग झाला. ताई-भाऊजी आले होते, शेजारची पोरं गोळा झाली. गच्चीवर वाळूचे दोन ढीग केले, निशाण म्हणून काडेपेट्यांचा मनोरा. (गोळा-बिळा काही सुटत नाही, घाबरू नका. नळी मागे येते, आवाज येतो, दिवा लागतो. मनोरा पाडायला भाच्याने मागून दोरी बांधली होती. फसवणूकच, पण पोरं खूश.) गनर कोण, यावरून भांडण झालं. लोडर व्हायला कोणीच तयार नव्हतं, नुसती बटणं दाबून बसण्यात काय मजा?

तेव्हा अण्णा खुर्ची ओढून बसले आणि पेटी मांडीवर घेतली. पन्नास वर्षांपूर्वीचा गनर लोडर झाला. दोन्ही पंजे बटणांवर ठेवले, पोरांना दिसतील असे. आणि ओरडले, "लोडेड!" खालच्या मजल्यावरच्या काकू वर बघायला आल्या, एवढ्या मोठ्याने.

भाच्याने रिमोटवर बोट ठेवलं. पण दाबण्याआधी मान वळवून त्याने आजोबांच्या हातांकडे बघितलं. दिवा हिरवा होता, तरीही. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं, निदान मी तरी नाही.

खट्! तोफ मागं आली.

जाता जाता एक. त्या पत्रांपैकी एक अण्णांच्या ट्रंकेत निघालं. मागे गावाचा पत्ता आहे, तालुका-जिल्ह्यासकट. गेल्या महिन्यात अण्णांनी एक पोस्टकार्ड लिहिलं आणि मी ते क्रांती चौकात जाताना पेटीत टाकलं. काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. अजून उत्तर आलेलं नाही. पोस्टमनची बेल वाजली की हल्ली दार अण्णाच उघडतात.

असो. पुढचा प्रश्न रंगाचा आहे. मी गडद हिरवा आणलाय आणि अण्णांच्या मते तो चूक आहे.